'क्लीव्ह' म्हणजे चिकटणे की चिरणे? स्पेलिंग, अर्थ आणि व्युत्पत्ती

पानाआड

इंग्रजीतल्या 'क्लीव्ह' या क्रियापदाबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. स्पेलिंग सी, एल, ई, ए, व्ही, ई असे आहे. एका जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनाचा मराठी अनुवाद मी सध्या तपासत आहे. त्यात एके ठिकाणी जहाज लाटांना 'क्लीव्ह' करीत पुढे जाते आणि अनुवादकाने 'लाटा कापीत' असे लिहिले आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. पुढे मात्र वादळानंतर खलाशी आपल्या कप्तानाशी 'क्लीव्ह' करतात आणि अनुवादक लिहितो, 'खलाशी कप्तानापासून फुटून निघाले'. आता मागचापुढचा मजकूर पाहिला तर हेच खलाशी शेवटच्या पानापर्यंत कप्तानाच्या बाजूने उभे आहेत. अनुवादकाला विचारले तर तो शब्दकोश पुढे करतो, आणि शब्दकोशात 'चिरणे' व 'चिकटणे' हे दोन्ही अर्थ खरोखरच शेजारी शेजारी बसलेले आहेत.

एकाच क्रियापदाला परस्परांच्या अगदी उलट असे दोन अर्थ असू शकतात, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. मुळात दोन वेगळी स्पेलिंगे असावीत आणि कोणत्या तरी काळात मुद्रकांनी घोळ घातला असावा, असा माझा संशय आहे. शिवाय भूतकाळाचाही गोंधळ आहे, कारण क्लोव्ह, क्लेफ्ट आणि क्लीव्ह्ड ही तिन्ही रूपे मला आढळली. यांतले बरोबर कोणते?

उगाच एक

शीर्षक घाईघाईत 'क्लीब' असे वाचले आणि धागा गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर आहे असे समजून आत आलो. आता आलोच आहे तर बसतो.

तळटीप

पानाआड, तुमचा संशय अर्धा खरा आहे, पण मुद्रकांवरचा आरोप मागे घ्यावा लागेल. हे एक क्रियापद नसून दोन आहेत आणि छापखाने येण्याच्या कितीतरी आधी ती बोलण्यातच एकमेकांत मिसळली होती. प्राचीन इंग्रजीत 'चिरणे' या अर्थी 'क्लेओफन' असे क्रियापद होते आणि 'चिकटून राहणे' या अर्थी 'क्लिफियन' असे दुसरे होते. लिहिताना दोन्हींत एफ हे अक्षर असे, परंतु दोन स्वरांच्या मध्ये आलेल्या एफचा उच्चार त्या काळी 'व्ह' असा होई. दोघांच्या चालण्यातही फरक होता, कारण पहिले क्रियापद आतला स्वर बदलून भूतकाळ करी आणि दुसरे शेवटी प्रत्यय लावून. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत शब्दांची टोके झिजली, स्वर सरकले आणि दोन्ही क्रियापदे एकाच रूपावर येऊन थांबली.

याचा उत्तम पुरावा शेजारच्या भाषांत अजून जिवंत आहे. डच भाषेत चिरणे म्हणजे 'क्लीव्हन' आणि चिकटणे म्हणजे 'क्लेव्हन', असे दोन शब्द आजही वेगळे आहेत. जर्मन भाषेत चिकटण्यासाठी 'क्लेबन' हा रोजच्या वापरातला शब्द आहे, तर लाकूड चिरण्यासाठीचा 'क्लीबन' आता जुनाट किंवा बोलीतला मानला जातो. म्हणजे एकाच घराण्यातल्या तीन भाषांपैकी दोघींनी स्वर सांभाळला आणि इंग्रजीने तो घालवला.

व्यवहारात अर्थ ओळखणे अजिबात कठीण नाही. क्रियापदाच्या पुढे 'टू' किंवा जुन्या शैलीतले 'अन्टू' हे अव्यय असेल तर अर्थ चिकटून राहण्याचा, निष्ठेने धरून राहण्याचा असतो. कर्म थेट आले असेल तर अर्थ चिरण्याचा असतो. तुमच्या अनुवादकाला मूळ वाक्यात 'टू' आहे का, एवढेच विचारून पाहा.

उगाच एक

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, पुरुषाने आईबापांना सोडून पत्नीशी 'क्लीव्ह' करावे असे जुन्या इंग्रजी भाषांतरात म्हटले आहे. तळटीप यांच्या नियमानुसार तेथे 'अन्टू' आहे तोवर तो विवाह आहे, आणि एखाद्या मुद्रकाच्या डुलकीने ते गळले तर थेट फौजदारी गुन्हा आहे. इतक्या छोट्या शब्दावर एवढी जबाबदारी टाकणाऱ्या भाषेबद्दल मला आदर वाटतो.

सरळरेषा

तळटीप यांचे विवेचन नीटनेटके आहे, परंतु 'दोन शब्द योगायोगाने एक झाले' हे स्पष्टीकरण मला फार सोयीचे वाटते. मानवी मन मुळातच विरुद्ध कल्पना जोडीने धरते, त्यामुळे आदिम शब्दांत दोन्ही टोके एकत्र असणे स्वाभाविक आहे, असा एक विचार गंभीरपणे मांडला गेलेला आहे. कार्ल आबेल या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये याच विषयावर लिहिले होते आणि त्याच्या आधारे सिग्मंड फ्रॉइडने १९१० मध्ये एक लेख लिहिला. स्वप्नांमध्ये नकार नसतो आणि एखादी गोष्ट तिच्या उलट गोष्टीने दाखवली जाते, हे आपले निरीक्षण त्याने आदिम शब्दांच्या या दुहेरीपणाशी जोडले. तेथे दिलेल्या उदाहरणांत जर्मन 'क्लेबन' आणि इंग्रजी 'क्लीव्ह' ही जोडी आहेच.

आपल्याकडेही पाहा. 'आरात्' या संस्कृत अव्ययाचा अर्थ दूर असाही होतो आणि जवळ असाही होतो, अमरकोशाने 'आराद्दूरसमीपयोः' असे सरळ नोंदवून ठेवले आहे. मराठीत आपण दिवा 'वाढवतो' तेव्हा तो विझवतो. मग इंग्रजीतला एक शब्द चिरतो आणि चिकटवतो, यात अशक्य काय आहे?

तळटीप

सरळरेषा, फ्रॉइडचा तो लेख वाचायला फार देखणा आहे, परंतु त्याखालचा पाया आबेलच्या व्युत्पत्तींचा आहे आणि त्या व्युत्पत्ती टिकलेल्या नाहीत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्त याने १९५६ मध्ये त्या पद्धतीचे वाभाडे काढले. निरनिराळ्या भाषांतले दिसायला सारखे शब्द उचलून शेजारी ठेवायचे आणि त्यांतून आदिमानवाचे मन वाचायचे, ही तुलना नव्हे. जर्मन 'क्लेबन' हा चिकटणाऱ्या 'क्लीव्ह'चा सख्खा भाऊ आहे, आणि आबेलने त्याच्यासमोर उभा केला चिरणारा 'क्लीव्ह', म्हणजे दुसऱ्याच घरातला माणूस. मग दोघांचे पटत नाही याचे आश्चर्य कसले?

दोन्ही धातू मागे इंडो-युरोपीय पातळीपर्यंत नेले तरी ते वेगळेच राहतात. चिरणाऱ्या शब्दाच्या धातूतून ग्रीक भाषेत 'ग्लुफेइन' म्हणजे कोरणे हे क्रियापद आले. इजिप्तच्या चित्रलिपीला 'हायरोग्लिफ' म्हणतात, त्यातला 'ग्लिफ' तो हाच. लॅटिनमध्ये त्याच धातूचा शब्द साल सोलण्यासाठी आहे. चिकटणाऱ्या शब्दाच्या नातलगांत मात्र चिकणमातीसाठीचा 'क्ले' आणि लॅटिनमार्गे आलेला, डिंकासाठीचा 'ग्लू' हे आहेत. एका कुळात सगळे सोलणारे आणि कोरणारे, दुसऱ्या कुळात सगळे चिकट.

दिवा वाढवण्याचे उदाहरण मला आवडले, पण ते तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. तेथे शब्द एकच आहे आणि त्याला उलटा अर्थ का चिकटला याचे कारण आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणजे 'विझवणे' हे अशुभ म्हणून तोंडातून काढायचे नाही. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' असेच आपण म्हणतो. हा शिष्टाचार आहे, आदिम मन नव्हे.

सरळरेषा

आबेलच्या व्युत्पत्तींबद्दल मी भांडत बसणार नाही. पण दोन निरनिराळे शब्द उच्चारात एक झाले आणि अर्थ उलट असूनही भाषा बोलणाऱ्यांनी ते शतकानुशतके तसेच चालवून घेतले, याचा विचार व्हायलाच हवा. साधारणपणे असा घोटाळा झाला की दोहोंपैकी एक शब्द बाद होतो. येथे दोन्ही कसे टिकले?

तळटीप

पूर्णपणे टिकले असे म्हणवत नाही. बोलण्यात चिरण्याचे काम 'स्प्लिट'ने आणि चिकटण्याचे काम 'स्टिक' व 'क्लिंग' यांनी केव्हाच उचलले आहे. 'क्लीव्ह' उरला तो धर्मग्रंथांत, कवितेत आणि प्रयोगशाळेत. या तिन्ही ठिकाणी वाचणारा सावकाश वाचतो, त्यामुळे घोटाळा फारसा होत नाही.

अशीच दुसरी जोडी 'लेट'ची आहे. मोकळीक देणारा 'लेट' आणि अडवणारा 'लेट' ही प्राचीन इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती, पण रूप एक झाले. तेथे मात्र तुम्ही म्हणता तसेच घडले, म्हणजे अडवणारा 'लेट' मेला आणि मुख्यतः पारपत्रावरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' या ठरीव शब्दप्रयोगात गोठून राहिला. धारकाला अडथळ्याविना जाऊ द्यावे, असा त्याचा अर्थ आहे. आज ते वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो 'लेट' नेमका कोणता, हा प्रश्नही पडत नसावा.

खडकाळ

प्रयोगशाळेचा उल्लेख निघालाच आहे तर भूविज्ञानाच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्याकडे हे क्रियापद मुळीच दुर्मीळ नाही आणि त्याचे नाम 'क्लीव्हेज' तर पहिल्या वर्षापासून पाठ असते. मराठीत त्याला 'पाटन' म्हणतात. स्फटिकातले अणू ज्या पातळ्यांच्या आरपार एकमेकांना सैल धरून असतात, त्या पातळ्यांवर खनिज सपाट फुटते, ते पाटन. असे न होता ते वाटेल तसे, ओबडधोबड फुटले तर ते भंजन. विद्यार्थी पहिली काही वर्षे या दोहोंची सरमिसळ करतात आणि परीक्षक पुढची काही वर्षे त्यावर गुण कापतात.

हातात घेऊन पाहण्यासारखे सर्वांत सोपे उदाहरण अभ्रकाचे आहे. तुकड्याच्या कडेत टाचणीचे टोक अलगद घातले की एक पापुद्रा सुटतो, तो काचेसारखा गुळगुळीत असतो, आणि त्याचाही पुन्हा पापुद्रा निघतो. अभ्रकाला पाटनाची दिशा एकच असते. सैंधवाला तीन आणि त्याही परस्परांशी काटकोनात, म्हणून ते फोडले की चौकोनी खडे पडतात. कॅल्साइटलाही तीनच, पण तिरप्या. गारगोटीच्या कुळातल्या क्वार्ट्‌झला पाटन जवळजवळ नाहीच, त्याचे भंजन शंखाभ, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे वक्र असते.

हिऱ्याला चार दिशा आहेत, आणि या क्रियापदाचे सर्वांत गाजलेले प्रात्यक्षिक हिऱ्यावरच झालेले आहे. दक्षिण आफ्रिकेत १९०५ मध्ये ३,१०६ कॅरटचा कलिनन हिरा सापडला. १९०८ च्या फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅममध्ये जोसेफ ॲशर याने तो 'क्लीव्ह' केला. आधी काही दिवस खपून खोल खाच पाडली होती. त्या खाचेत पाते ठेवून पहिला घाव घातला तेव्हा पातेच मोडले आणि हिरा जसाच्या तसा राहिला. दुसरे पाते लावल्यावर तो पाटनाच्या पातळीवर स्वच्छ दुभंगला. पातळी चुकली असती तर त्या घावाने हिऱ्याच्या ठिकऱ्या झाल्या असत्या. 'स्प्लिट' आणि 'क्लीव्ह' यांत आम्ही करतो तो भेद हाच आहे, कारण स्प्लिट कुठेही करता येते, पण क्लीव्ह वस्तूच्या अंगच्या रेषेवरच होते.

स्फटिकांसाठी 'क्लीव्हेज' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजीत आहे. स्त्रियांच्या पोशाखाच्या संदर्भातला अर्थ पुष्कळ अलीकडचा आहे. तो १९४६ मध्ये हॉलीवूडच्या चित्रपट-सेन्सॉरच्या परिभाषेतून छापील इंग्रजीत आला. वर्गात हा शब्द उच्चारल्यावर मागच्या बाकांवर जे हसू पिकते, त्याला ते सेन्सॉरवाले जबाबदार आहेत.

चौकस

खडकाळ, तुमचा शेवटचा भेद फार उपयोगी आहे, लाकडाच्या बाबतीतही तो लागू पडत असावा. ओंडका कुऱ्हाडीने तंतूंच्या दिशेने फोडला तर 'क्लीव्ह' आणि करवतीने आडवा कापला तर नाही, असे समजावे का?

दुसरी शंका 'क्लोव्ह' या नामाची आहे. लसणाची पाकळी म्हणजे क्लोव्ह आणि लवंग म्हणजेही क्लोव्ह. गड्ड्यातून पाकळी चिरून वेगळी होते आणि लवंग वासाने कशालाही चिकटते, म्हणून एक पाकळी पहिल्या क्रियापदाची आणि लवंग दुसऱ्या क्रियापदाची, असा माझा तर्क आहे.

तळटीप

लाकडाबद्दल होय, तसेच समजावे. लसणाबद्दल तुमचा तर्क बरोबर आहे, कारण पाकळीचा 'क्लोव्ह' खरोखरच चिरण्याच्या धातूचा आहे आणि प्राचीन इंग्रजीतही तो सापडतो. लवंगेचा मात्र दोहोंशी संबंध नाही. लॅटिनमध्ये खिळ्याला 'क्लाव्हुस' म्हणतात, त्याचा फ्रेंचमध्ये 'क्लू' झाला, आणि लवंग दिसते खिळ्यासारखी म्हणून ती 'क्लू द जिरोफ्ल' झाली. इंग्रजांनी त्यातला खिळा तेवढा ठेवला. म्हणजे क्रियापदे दोन असून दिसतात एक, आणि ही नामेही दोन असून दिसतात एक. चौकस यांनी चुकून आणखी एक गाठ शोधली आहे.

बोरूबहाद्दर

स्पेलिंग आणि भूतकाळ हा मूळ प्रश्नाचा अर्धा भाग अजून कोणी हाताळलेला नाही, म्हणून मी लिहितो.

वर्तमानकाळात 'क्लीव्ह'चे स्पेलिंग 'लीव्ह', 'वीव्ह', 'हीव्ह' आणि 'बिरीव्ह' यांच्या पंगतीतले आहे, म्हणजे मध्ये ई-ए. चूक होते ती 'बिलीव्ह', 'ग्रीव्ह' आणि 'थीव्ह' यांच्या प्रभावाने, कारण त्यांत आय-ई असते. शेवटच्या ईचा उच्चार नाही, तरी तो गाळता येत नाही. जुन्या लेखनात यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरे मानली जात नव्हती, त्यामुळे शेवटी ई लिहिला की आधीचे अक्षर व्यंजन म्हणून वाचावे हे कळे. ती गरज संपली, पण सवय राहिली, आणि आजही 'हॅव्ह', 'गिव्ह' व 'लव्ह' असे शब्द तो ई अंगावर वागवतात.

भूतकाळाची रूपे मुळात चिरण्याच्या क्रियापदाची आहेत. 'फ्रीझ, फ्रोझ, फ्रोझन' तसे 'क्लीव्ह, क्लोव्ह, क्लोव्हन' ही जुनी, स्वर बदलणारी चाल आहे. 'लीव्ह, लेफ्ट' आणि 'बिरीव्ह, बिरेफ्ट' तसे 'क्लीव्ह, क्लेफ्ट' ही नंतरची चाल आहे. टी हा कठोर वर्ण जवळ आला की व्हीचा एफ होतो, म्हणून क्लेफ्टमध्ये व्ही दिसत नाही. याशिवाय 'क्लेव्ह' असेही एक रूप होते, त्याचे स्पेलिंग सी, एल, ए, व्ही, ई. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ते रूप दोन्ही क्रियापदांसाठी येते. अब्राहाम होमाची लाकडे फोडतो तेथे 'क्लेव्ह', आणि रूथ आपल्या सासूला सोडायला तयार नसते तेथेही 'क्लेव्ह'. एकाच ग्रंथात, एकाच रूपाने, कुऱ्हाड आणि मिठी.

आजच्या लेखनाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की क्रियापद म्हणून दोन्ही अर्थांना 'क्लीव्ह्ड' वापरावे. विकरे डीएनए तोडतात तेव्हा जीवशास्त्राच्या लेखांत 'क्लीव्ह्ड' असेच छापले जाते, 'क्लोव्ह' तेथे कोणी लिहीत नाही. 'क्लेफ्ट' आणि 'क्लोव्हन' विशेषणे म्हणून ठेवावीत, पण त्यांचीही अदलाबदल चालत नाही. टाळू दुभंगलेली असेल तर 'क्लेफ्ट पॅलेट', आणि गायीचे किंवा सैतानाचे खूर असतील तर 'क्लोव्हन'. व्याकरणात वाक्याचे दोन तुकडे करून एका भागावर जोर देणाऱ्या रचनेला ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 'क्लेफ्ट सेन्टेन्स' हे नाव दिले, तेथेही 'क्लेफ्ट'च.

सरळरेषा

जुन्या पद्धतीने लिहिलेल्या ललित लेखनात 'क्लोव्ह' हे क्रियापद म्हणून शोभते, त्याला सरसकट बंदी घालू नये. तलवारीने शिरस्त्राण 'क्लीव्ह्ड' केले असे वाचले की हातात तलवारीऐवजी परीक्षानळी दिसू लागते.

बोरूबहाद्दर

ललित लेखनापुरती सूट मान्य आहे.

उगाच एक

क्लीव्हलँड शहराचे काय? चिरलेली भूमी की चिकट भूमी?

खडकाळ

दोन्ही नाही, ती कड्यांची भूमी आहे. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये क्लीव्हलँड नावाचा प्रदेश आहे, त्यातला पहिला भाग कड्यासाठीच्या 'क्लिफ' या शब्दाचा आहे. त्यावरून आडनाव आले आणि अमेरिकेतल्या शहराला १७९६ मध्ये मोझेस क्लीव्हलँड या सर्वेक्षकाचे नाव मिळाले. त्याच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये मात्र 'क्लीव्ह'सारखाच ई-ए होता. शहराच्या नावातला ए पुढे गळाला. एका वर्तमानपत्राच्या शीर्षपट्टीत अक्षरे मावेनात म्हणून तो काढला, अशी गोष्ट तेथे आवडीने सांगतात.

पानाआड

सर्वांचे आभार. मूळ वाक्य पुन्हा काढून पाहिले, तेथे 'टू' स्पष्ट आहे. अनुवादकाला तो दाखवला, त्याने मान्य केले आणि आता 'खलाशी कप्तानाला चिकटून राहिले' असे सुचवले आहे. अर्थ बरोबर झाला, पण वाक्य वाचून त्यांना कोणी तरी सोडवायला हवे असे वाटते. काही बरे सुचते का?

चौकस

'खलाशांनी कप्तानाची साथ सोडली नाही' असे साधेच लिहावे.

बोरूबहाद्दर

साथ सोडली नाही हे ठीक आहे, पण मूळ शब्दात नुसते न सोडणे नाही, घट्ट धरणेही आहे. 'खलाशी कप्तानाची कास धरून राहिले' हे मला अधिक जवळचे वाटते.

पानाआड

कास धरली, तेच ठेवतो. आणखी एक जागा याच प्रकरणात आहे. परतीच्या वाटेवर एकीकडे खडक आणि दुसरीकडे शत्रूची जहाजे असताना लेखक म्हणतो की आम्ही 'क्लेफ्ट स्टिक'मध्ये होतो. अनुवादकाने तेथे 'आम्ही दुभंगलेल्या काठीत होतो' असे लिहिले आहे आणि खाली टीप दिली आहे की ही बहुधा त्या काळची एक प्रकारची होडी असावी.

उगाच एक

ती टीप कृपया काढू नये. बाकी वाक्यात 'आम्ही कात्रीत सापडलो' असे करून टाका, आणि होडी कोणत्या लाकडाची होती हे अनुवादकाला एकदा विचारा.